अंगावरून वारे गेल्यानंतर : पक्षाघाताच्या रुग्णाचे पुनर्वसन आणि भौतिकोपचार

ग्रामीण महाराष्ट्रात एखाद्याच्या ‘अंगावरून वारे गेले’ अशी वार्ता आली, की ऐकणाऱ्याच्या मनात दोनच प्रश्न उभे राहतात : माणूस वाचला काय, आणि वाचला असेल तर आता त्याचे कसे व्हावयाचे? कोणी या व्याधीस लकवा म्हणतो, कोणी अर्धांग. वैद्यकशास्त्र तिला पक्षाघात म्हणते. नावे निरनिराळी असली, तरी त्यांमागील समजूत बहुधा एकच असते. बाहेरून एक झुळूक आली, तिने अर्धे अंग नेले आणि गेलेले अंग परत येणे आता दैवाच्या हाती राहिले, ही ती समजूत होय.

या समजुतीचे परिणाम पुष्कळ घरांत पाहावयास मिळतात. रुग्णालयात आठ-दहा दिवस उपचार होतात आणि जीव वाचतो. रुग्ण घरी येतो. ओसरीवर किंवा माजघरात त्याची बाज टाकली जाते. घरची माणसे मनोभावे सेवा करतात. त्याला भरवतात, त्याचे अंग पुसतात, त्याला कूससुद्धा स्वतः बदलू देत नाहीत. उपचार संपला असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. वस्तुतः उपचाराचा दुसरा आणि अधिक दीर्घ असा भाग येथूनच सुरू व्हावयास हवा. हा भाग म्हणजे पुनर्वसन, आणि भौतिकोपचार म्हणजेच फिजिओथेरपी हा त्याचा कणा होय. तो वेळेवर सुरू झाला नाही, तर वाचलेला माणूस बाजेवरच राहतो, आणि त्याच्याबरोबर घरातील आणखी एक माणूस, बहुधा पत्नी, सून किंवा शाळकरी नात, त्या बाजेशी बांधला जातो.

व्याधीचे स्वरूप

पक्षाघात हाता-पायांत दिसत असला, तरी तो होतो मेंदूत. मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीमुळे बंद पडते किंवा फुटते, आणि त्या भागातील पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. रक्तपुरवठा पूर्ववत झाला नाही, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मेंदूचा उजवा भाग शरीराच्या डाव्या बाजूचे आणि डावा भाग उजव्या बाजूचे नियंत्रण करतो. त्यामुळे एका बाजूस इजा झाली, की विरुद्ध बाजूचा हात-पाय लुळा पडतो. बहुतेक माणसांत भाषेचे केंद्र डाव्या भागात असते. म्हणून उजवे अंग गेलेल्या अनेकांची वाचाही जाते.

तोंड एका बाजूस वाकडे होणे, दोन्ही हात उचलण्यास सांगितले असता एक हात खाली पडणे आणि बोलणे अडखळणे ही तीन लक्षणे एकाएकी दिसली, तर क्षणभरही विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही मेंदूचा सी. टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यानंतरच. लक्षणे नेमकी कितीला सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी. रुग्णाला पाणी, चहा किंवा कोणतीही गोळी तोंडाने देऊ नये. गिळण्याची शक्ती गेली असल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे असे अद्यापही काहींना वाटते. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. तेथील ८६ गावांत दोन वर्षांत झालेल्या मृत्यूंची त्यांनी घरोघर जाऊन कारणमीमांसा केली. त्यांत सुमारे १४ टक्के मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले, आणि मृत्यूच्या सर्व कारणांत पक्षाघाताचा क्रमांक पहिला लागला. यांतील बहुतेक माणसे घरीच मरण पावली होती. अरण्यप्रदेशातील खेड्यांत ही स्थिती असेल, तर राज्यातील कोणत्याही ग्रामपंचायतीने हा प्रश्न आपल्या गावचा नाही असे मानण्याचे कारण उरत नाही.

मेंदू पुन्हा शिकतो

मेलेली मज्जापेशी पुन्हा जिवंत होत नाही. मग सुधारणा होते ती कशी? याचे उत्तर असे, की मेंदू हा ठरावीक कामे ठरावीक जागी वाटून दिलेला आणि कायमचा गोठलेला अवयव नव्हे. इजा झालेल्या भागाच्या आसपासच्या पेशी नवे दुवे जोडतात आणि गेलेल्या पेशींचे काम काही अंशी उचलतात. पुराने नेहमीची वाट वाहून गेल्यावर माणसे बांधाबांधाने नवी पायवाट पाडतात, तसाच हा प्रकार होय. पण पायवाट पडते ती रोजच्या ये-जा करण्याने. हात हलविण्याचा, पाय टेकण्याचा, शब्द उच्चारण्याचा प्रयत्न पुनःपुन्हा झाला, तरच मेंदूत नवे दुवे दृढ होतात. जे अंग वापरले जात नाही, त्याच्यासाठी वाटही तयार होत नाही.

या नव्या जडणघडणीचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत अधिक असतो. पुढे सहा महिन्यांपर्यंत तो मंदावतो. त्यानंतरही सुधारणा होते, परंतु ती सावकाश आणि अधिक कष्टाने. म्हणजे ‘थोडे अंगात बळ येऊ द्या, मग व्यायामाचे पाहू’ असे म्हणून जे आठवडे घालविले जातात, तेच नेमके सर्वांत मोलाचे असतात. पेरणीचा वापसा निघून गेल्यावर मशागत कितीही केली, तरी आधीच्या पेरणीचे पीक येत नाही; तद्वतच हे आहे.

वापराचे महत्त्व दाखविणारा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत झाला. पक्षाघातास तीन ते नऊ महिने झालेल्या आणि मनगट व बोटे थोडी तरी हलवू शकणाऱ्या २२२ रुग्णांवर तो करण्यात आला. त्यांतील एका गटाच्या चांगल्या हातात दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक काळ, जाड हातमोजा घालून ठेवण्यात आला आणि सर्व कामे दुबळ्या हाताने करून घेण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटाच्या हातात जी सुधारणा झाली, ती वर्षानंतरही टिकून होती. एरवी रुग्ण सोयीचा म्हणून चांगलाच हात वापरतो आणि दुबळा हात वापरण्याचे हळूहळू विसरतो. हा विसर आजाराइतकाच घातक असतो.

यंत्र, कुटुंब आणि जाणकार

भौतिकोपचार म्हटले, की शहरातील मोठ्या रुग्णालयातील झगझगीत यंत्रे अनेकांच्या डोळ्यांसमोर येतात, आणि ‘आपल्याला ते कोठून परवडणार’ असे म्हणून विषय संपविला जातो. या बाबतीत तीन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला अभ्यास अमेरिकेतील असून तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ४०८ रुग्णांपैकी काहींना कमरपट्ट्याने वरून आधार देऊन सरकत्या पट्ट्याच्या यंत्रावर चालण्याचे शिक्षण देण्यात आले. इतरांच्या घरी भौतिकोपचारतज्ज्ञ जाऊन बळ व तोल वाढविणारे साधे व्यायाम करून घेत होता. दोन्ही प्रकारांत ३६ सत्रे झाली. वर्षाअखेर पाहता निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे ५२ टक्के रुग्णांच्या चालण्यात लक्षणीय सुधारणा झाली होती. मात्र यंत्रावर शिकलेले आणि घरी शिकलेले यांच्यात फरक आढळला नाही. सारांश, चालणे परत मिळविण्यासाठी महागडे यंत्र अनिवार्य नाही.

दुसरा अभ्यास खुद्द भारतातील आहे. देशातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांचा त्यात समावेश होता. निम्म्या रुग्णांच्या घरातील एका व्यक्तीला रुग्णालयातच व्यायाम करून घेण्याचे शिक्षण देण्यात आले आणि पुढे काही गृहभेटी देण्यात आल्या. तज्ज्ञांची संख्या अपुरी असलेल्या देशात कुटुंबच हे काम करू शकेल, अशी त्यामागील अपेक्षा होती. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा ती अपेक्षा फलद्रूप झाली नसल्याचे दिसून आले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतील ४७ टक्के रुग्ण मृत्यू पावले होते किंवा परावलंबी राहिले होते. कुटुंबाची माया निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. त्या मायेवाचून एकही रुग्ण उभा राहत नाही. परंतु थोडेसे शिक्षण देऊन सारा भार कुटुंबावर टाकला आणि प्रशिक्षित माणसाचे काम झाले असे मानले, तर ती स्वतःची फसवणूक ठरते.

तिसऱ्या अभ्यासात पाच देशांतील २,१०४ रुग्ण होते. पक्षाघातानंतर पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार आणि अधिक वेळ अंथरुणाबाहेर काढल्यास तो लवकर बरा होईल काय, हे त्यात तपासण्यात आले. २०१५ मधील निष्कर्ष उलट निघाला. घाई केलेल्या गटापेक्षा नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्या गटातील अधिक रुग्णांची प्रगती समाधानकारक होती. केव्हा उठवावयाचे आणि किती, हा निर्णय डॉक्टर व भौतिकोपचारतज्ज्ञ यांनीच घ्यावयाचा असतो, हे यावरून स्पष्ट होते.

तिन्ही अभ्यास एकत्र ठेवले, की चित्र स्वच्छ होते. यंत्रावाचून अडत नाही, जाणकार माणसावाचून मात्र अडते. घाई नको आणि दिरंगाई तर नकोच. कुटुंबाने जाणकाराच्या देखरेखीखाली काम करावे. त्याची जागा घेण्याचा प्रयत्न करू नये.

पहिल्या दिवसांतील काळजी

रुग्ण अंथरुणावर असताना त्याला कसे निजवावयाचे यालाही शास्त्र आहे. दर दोन तासांनी कूस बदलावी, अन्यथा माकडहाड, टाचा व खुबे या ठिकाणी जखमा होतात आणि त्या महिनोन् महिने भरत नाहीत. लुळ्या हाताखाली उशी द्यावी. तो हात बाजेखाली लोंबू देऊ नये. रुग्णाशी बोलताना आणि त्याला जेवण देताना शक्यतो दुबळ्या बाजूने बसावे, म्हणजे त्या बाजूकडे त्याचे लक्ष जाते. काही रुग्णांना आपली एक बाजू आहे याचेच भान राहत नाही. ते ताटाच्या अर्ध्या भागातील अन्न तसेच ठेवतात किंवा दाराच्या चौकटीवर आपटतात. हा हट्ट किंवा वेड नसून मेंदूच्या इजेचा परिणाम आहे, हे घरच्यांना समजावून सांगितले पाहिजे.

सर्वांत अधिक जपावयाचा सांधा म्हणजे खांदा. स्नायूंची पकड गेल्यामुळे तो सहज खाली उतरतो. रुग्णाला उठविताना लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढणे ही सार्वत्रिक चूक आहे. तिच्यामुळे खांद्यात कायमची वेदना जडते आणि पुढे त्या हाताचा व्यायामच अशक्य होतो. दोरी व कप्पी बांधून हात वर ओढण्याचा प्रकारही टाळावा. अन्न देताना रुग्णाला ताठ बसवावे, घास लहान असावा, आणि खाताना ठसका लागत असेल किंवा आवाज ओलसर येत असेल, तर डॉक्टरांना दाखविल्याशिवाय तोंडाने देऊ नये.

बसणे, उभे राहणे, चालणे

भौतिकोपचारतज्ज्ञ प्रथम रुग्णाला कुशीवर वळणे, कडेला पाय सोडून बसणे आणि बसून तोल सांभाळणे शिकवितो. त्यानंतर खुर्चीवरून उठणे व बसणे हा व्यायाम येतो. तो दिसावयास साधा आहे, परंतु त्यात मांड्या, कंबर, पाठ आणि तोल या सर्वांची मशागत होते. उठताना दोन्ही पावले जमिनीवर सपाट असावीत, शरीर पुढे झुकावे आणि दुबळ्या पायावरही भार पडावा, याकडे तज्ज्ञ लक्ष देतो. रुग्ण स्वाभाविकपणे सारा भार चांगल्या पायावर घेतो. ती सवय एकदा जडली, की मोडणे कठीण जाते.

चालताना पुष्कळांचे पाऊल खाली लोंबते आणि बोटे जमिनीस घासतात. त्यासाठी पोटरीचा स्नायू रोज ताणणे आवश्यक असते, आणि काहींना पावलाला आधार देणारी पट्टी द्यावी लागते. काठी चांगल्या हातात धरावयाची असते. जिना चढताना चांगला पाय आधी वर टाकावा, उतरताना दुबळा पाय आधी खाली. सदरा किंवा चोळी घालताना दुबळा हात आधी बाहीत घालावा, काढताना तो शेवटी काढावा. असे नियम फार थोडे आहेत, पण ते ठाऊक असले तर परावलंबी माणूस पुष्कळ अंशी स्वावलंबी होतो.

हात आणि घरातील काम

पायाच्या मानाने हाताची सुधारणा मंद असते. त्यामुळे निराश होऊन हाताचा व्यायाम सोडून दिला जातो, किंवा हातात रबरी चेंडू देऊन दिवसभर दाबण्यास सांगितले जाते. बहुतेक रुग्णांना मूठ मिटण्यापेक्षा ती उघडणे अधिक अवघड जाते. म्हणून केवळ चेंडू दाबून भागत नाही. वस्तू धरणे, उचलणे, नेणे आणि सोडणे या पूर्ण क्रियेचा सराव हवा.

अशा सरावाचे साहित्य प्रत्येक घरात असते. तांब्या उचलून ठेवणे, दाराची कडी काढणे, वाटीतील शेंगा दुसऱ्या वाटीत टाकणे, शेंगा सोलणे, धान्य निवडणे, कणीक मळणे, कपड्याची घडी घालणे, सदऱ्याचे बटण लावणे ही कामे व्यायामच आहेत. आयुष्यभर भाकरी थापलेल्या स्त्रीच्या हाताला पिठाचा गोळा जितका ओळखीचा वाटतो, तितका रुग्णालयातील लाकडी ठोकळा वाटत नाही. ओळखीच्या आणि हेतुपूर्ण कामाचा सराव करावा, असे आधुनिक पुनर्वसनशास्त्रही सांगते. मात्र कोणते काम, किती वेळ आणि कोणत्या स्थितीत करावयाचे, हे तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. स्नायूंचा ताठरपणा वाढत असल्यास त्याचेही वेगळे उपचार आहेत. दैनंदिन कामांचे असे शिक्षण देणारी व्यवसायोपचार ही भौतिकोपचाराची भगिनी शाखा आहे.

वाचा आणि मन

वाचा गेलेला माणूस मुका किंवा बुद्धीने मंद झालेला नसतो. पुष्कळदा त्याला सर्व समजत असते, शब्द मात्र सापडत नाही. त्याच्याशी लहान वाक्यांत, सावकाश बोलावे. उत्तरासाठी वेळ द्यावा. त्याच्यासमक्ष त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलू नये. शाळेतील चित्रांचे तक्ते आणि मुळाक्षरांची पुस्तके या कामी फार उपयोगी पडतात. वाचोपचारतज्ज्ञाचा सल्ला मिळाल्यास उत्तमच.

पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्याने ग्रासलेले आढळते. व्यायामास नकार देणे, जेवण टाळणे, सतत रडणे यांकडे ‘हट्टीपणा’ म्हणून पाहू नये. नैराश्यावर उपचार आहेत, आणि ते झाल्याखेरीज व्यायामही नीट होत नाही. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचीही विचारपूस व्हावयास हवी. आठवड्यातून काही तास जरी दुसऱ्या कोणी तिची जागा घेतली, तरी तिला विसावा मिळतो.

काही घातक समजुती

कबुतराचे रक्त चोळल्याने लकवा जातो, अमुक ठिकाणी नेल्यास एका दिवसात माणूस चालू लागतो, अशा समजुतींपायी साडेचार तासांची संधी तर जातेच, शिवाय पहिले महिनेही हातचे जातात. हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही, परंतु तेल लावणे म्हणजे व्यायाम नव्हे. दुसऱ्याने चोळलेल्या अंगाला मेंदू काही शिकवीत नाही; शिकविण्यासाठी रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न हवा. बधिर अंगावर विटेचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नये. चटका बसला तरी रुग्णाला कळत नाही. श्रद्धेने कोणी देवदर्शनास नेत असेल, तर त्यास कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही; मात्र रुग्णालय आधी, आणि औषध व व्यायाम यांत खंड न पाडता.

शासकीय यंत्रणा आणि गाव

भौतिकोपचार या शास्त्राचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. पोलिओच्या साथींमुळे त्याची गरज तीव्रतेने जाणवू लागली आणि १९५०च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने या विषयाचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये मुंबईतच हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. पोलिओ आता देशातून हद्दपार झाला आहे. त्या वेळी उभे राहिलेले ज्ञान आज पक्षाघाताच्या रुग्णांना उपयोगी पडत आहे. संसदेने २०२१ मध्ये संमत केलेल्या कायद्यान्वये भौतिकोपचारासह अनेक संलग्न आरोग्य व्यवसायांना राष्ट्रीय पातळीवर नियमनाची चौकट मिळाली. चार वर्षांहून अधिक काळाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली व्यक्तीच भौतिकोपचारतज्ज्ञ होय. मालिशवाला किंवा हाडवैद्य नव्हे.

प्रश्न आहे तो जिल्हा रुग्णालयातील ज्ञान गावातील बाजेपर्यंत पोहोचविण्याचा. यात ग्रामपंचायत, शाळा आणि आरोग्य कर्मचारी या तिघांनाही निश्चित कामे करता येतील.

रुग्ण घरी आल्याची नोंद आशा कार्यकर्तीने घ्यावी आणि रुग्णालयातून निघतानाच भौतिकोपचाराची लेखी सूचना मिळाली आहे किंवा नाही हे पाहावे. पुढील तपासणीची तारीख ठरलेली असावी. एकाच परिसरात तीन-चार रुग्ण असतील, तर ठरावीक दिवशी एकत्र वाहन करून त्यांना तज्ज्ञाकडे नेता येते, किंवा तज्ज्ञाला गावात बोलावता येते. भ्रमणध्वनीवर रुग्णाच्या चालण्याचे चित्रण करून ते तज्ज्ञाला दाखविणे हेही आज सहज शक्य आहे.

ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. पक्षाघाताने कायमचे अपंगत्व आलेली व्यक्तीही दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ खाली येऊ शकते. शासकीय रुग्णालयातील तपासणीत अपंगत्व ४० टक्के वा अधिक ठरल्यास अनेक सवलतींचा मार्ग खुला होतो. यासाठी वैश्विक ओळखपत्र काढून घ्यावे. ग्रामसभेत दिव्यांगांची यादी वाचली जाते, तेव्हा जन्मजात अपंगांबरोबर या रुग्णांचीही नावे त्यात आहेत काय, हे सदस्यांनी आवर्जून विचारावे. मोरीत धरावयास एक दांडा, उकिडवे बसता न येणाऱ्यासाठी शौचाची खुर्ची, उंबरठ्यावर लहानसा उतार, चावडीच्या पायऱ्यांना कठडा ही कामे थोड्या खर्चाची आहेत. पण माणूस परसाकडे स्वतःच्या पायांनी जाऊ शकतो की नाही, हे पुष्कळदा अशा एका दांड्यावर अवलंबून असते. माणसाची प्रतिष्ठा ज्या गोष्टींत असते, त्यांत ही गोष्ट वरची आहे.

शिक्षकांचे कार्यही मोठे आहे. एखादी मुलगी वरचेवर गैरहजर राहू लागली, तर घरी कोणी अंथरुणास खिळले आहे काय याची चौकशी व्हावी. आजीच्या शुश्रूषेपायी नातीचे शिक्षण थांबणे हे पक्षाघाताचे एक न मोजले गेलेले नुकसान आहे. पक्षाघाताची तीन लक्षणे आणि १०८ हा क्रमांक वर्गात शिकविला, तर घरातील पहिली सूचना कदाचित एखादा विद्यार्थीच देईल. प्रतिवर्षी २९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेत व ग्रामपंचायतीत हा विषय मांडावा.

दुसरा झटका टाळणे

पुनर्वसन चालू असताना दुसरा झटका आला, तर मिळविलेले सर्व वाया जाते. उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण होय. रक्तदाब १४० वर ९० च्या वर असूनही कोणतेच दुखणे जाणवत नाही, म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या जातात. त्या आयुष्यभर घ्यावयाच्या असतात आणि बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांचाच असतो. मधुमेहावर नियंत्रण हवे. दिवसाकाठी मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा अधिक नसावे. लोणचे, पापड आणि खारवलेले पदार्थ यांतील मीठही त्यातच धरावयाचे. बिडी, तंबाखू आणि मिश्री यांना रजा द्यावी. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ३० वर्षांवरील व्यक्तींच्या रक्तदाब व मधुमेहाची तपासणी केली जाते. तिचा लाभ रुग्णाच्या घरातील इतर माणसांनीही घ्यावा.

पक्षाघाताचा प्रत्येक रुग्ण पूर्ववत होईल असे आश्वासन कोणतेही शास्त्र देत नाही. इजा किती मोठी आणि कोठे आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. तथापि पूर्ववत होणे आणि बाजेवर पडून राहणे या दोन टोकांच्या दरम्यान फार मोठी जागा आहे. आधाराशिवाय बसणे, स्वतःच्या हाताने घास घेणे, काठी टेकीत मारुतीच्या पारापर्यंत जाणे, नातवाला नावाने हाक मारणे, या त्या जागेतील पायऱ्या होत. त्या चढावयाच्या असतात रुग्णानेच. परंतु पायरी दाखविणारा जाणकार, हात देणारे कुटुंब आणि वाट मोकळी करणारे गाव त्याच्या पाठीशी हवे. हे सर्व पहिल्या तीन महिन्यांत जुळून आले, तर ‘अंगावरून वारे गेले’ या वाक्यापुढे पूर्णविराम न राहता, ‘आणि माणूस पुन्हा उभा राहिला’ हे शब्द जोडता येतील. आपल्या गावात सध्या असे किती रुग्ण घरात पडून आहेत आणि त्यांपैकी किती जणांनी भौतिकोपचारतज्ज्ञ एकदा तरी पाहिला आहे, एवढी माहिती पुढील ग्रामसभेपूर्वी गोळा केली, तरी कार्यास सुरुवात झाली असे म्हणता येईल.